घरची बंदूक, एकाच्या नावाची

खंडेनवमीला ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत पाट मांडला जातो. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली आणि तिचंच नाव पुढे वस्तीला चिकटलं, तेव्हा इथे शस्त्रपूजा अजून मनापासून होते यात नवल नाही. पाटावर तलवार, कट्यार, कुणाचा रंधा, कुणाची विळी, आणि लायसन्स असेल त्या घरी दुनाली किंवा रिव्हॉल्वर. हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ पडते. वर्षभर कपाटात असलेली बंदूक त्या दिवशी बैठकीत येते, चार-पाच हातांतून फिरते, आणि त्यातल्या निम्म्या हातांना ती उघडायची कशी हे ठाऊक नसतं. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं: "रिकामीच आहे हो."

बंदुकीच्या घरगुती अपघाताच्या बातम्यांत हे शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. रिकामी समजून साफ करत होता, रिकामी समजून मुलाने चाप ओढला, रिकामी समजून मित्राकडे रोखली. दुसरं असंच निरुपद्रवी वाटणारं वाक्य म्हणजे "आमच्या घरची बंदूक आहे." पहिल्या वाक्याने माणूस मरतो, दुसऱ्याने तुरुंगात जातो. आधी दुसऱ्याचं बघू, कारण ते लवकर आटपतं.

कायद्याला घरची बंदूक ठाऊक नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम एकाच माणसाला ओळखतात: ज्याचं नाव आणि फोटो लायसन्सवर आहे तो. बायको, मुलगा, भाऊ, ड्रायव्हर यांच्यापैकी कुणाचाही त्या शस्त्राशी कायदेशीर संबंध नाही. काही लायसन्सांवर 'रिटेनर' म्हणून दुसऱ्याचं नाव रीतसर चढवलेलं असतं, तो एक अपवाद. वडिलांची रायफल गाडीत टाकून मुलगा मुरार भागातल्या एका लग्नाला गेला, तर तो विनापरवाना शस्त्र बाळगतोय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला शिक्षा आहे दोन ते पाच वर्षं. वडिलांनी लायसन्सची अट मोडली आणि परवाना नसलेल्याच्या हातात शस्त्र दिलं, म्हणून तेही सुटत नाहीत. शिवाय 'ताबा' म्हणजे हातात असणंच असं नव्हे. शस्त्र दुसऱ्याकडे असलं तरी ज्याची त्यावर जाणीवपूर्वक सत्ता चालते त्याचाही ताबा धरला जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये मध्य प्रदेशातूनच आलेल्या एका खटल्यात स्पष्ट केलं आहे. "मी तिथे नव्हतो" एवढं म्हणून भागत नाही ते म्हणून.

लायसन्स घेताना काय लागतं ते थोडक्यात. वय २१ पूर्ण, फॉर्म ए-१ वर अर्ज, डॉक्टरचा दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, पोलिसांचा अहवाल, आणि घरी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी. २०१९ पासून एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि लायसन्सची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली. पाच वर्षं हा विसरायला अगदी सोयीचा काळ आहे. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तुमची बंदूक कागदोपत्री बेकायदा गावठी कट्ट्याच्या पंगतीत जाऊन बसते, म्हणून नूतनीकरणाचा अर्ज दोनेक महिने आधी गेलेला बरा. प्रशिक्षणाच्या दाखल्याकडे बहुतेक जण एक कागद म्हणून बघतात. खरं तर सगळ्या फायलीत जीव वाचवणारा कागद तेवढाच, पण तो कसा मिळवला यावर ते अवलंबून आहे.

आता "रिकामी आहे".

थोडे शब्द आधी पक्के करू, कारण आपल्याकडे घोडा आणि चाप यांची सरमिसळ होते. बोटाने ओढतात तो चाप, म्हणजे ट्रिगर. मागे असतो आणि काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या भागावर, आदळतो किंवा आतली पिन आदळवतो तो घोडा, म्हणजे हॅमर. काडतूस नळीच्या मागच्या ज्या खोबणीत बसतं ते चेंबर. मॅगझिन म्हणजे पुढची काडतुसं साठवणारी पेटी. बंदूक रिकामी आहे की नाही हे ठरवतं चेंबर. मॅगझिन नाही, सेफ्टीची कळ नाही, आणि तुमची आठवण तर मुळीच नाही.

ग्वाल्हेर भागातल्या लायसन्सी घरांत साधारण चार जातीची शस्त्रं भेटतात: १२ बोअरची दुनाली किंवा एकनाली, .३१५ ची रायफल, .३२ चं रिव्हॉल्वर आणि .३२ चं पिस्तूल. (१२ बोअर हा आकडा इंचांचा नाही. एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एकीचा जेवढा व्यास होईल तेवढी नळी, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर. म्हणूनच २० बोअरची नळी १२ पेक्षा बारीक असते. हा मुद्दा पुढे लागणार आहे.) चारही उघडण्याची तऱ्हा वेगळी, पण सुरुवात एकच. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाच्या कडीबाहेर दस्त्याला सरळ टेकलेलं, आणि खोलीत दुसरं कुणी नाही.

सुरक्षित दिशा म्हणजे कुठली? शेतात मातीचा बांध. वाड्यात जाड दगडी भिंत, पण तिरका मारा दगडावरून उडतो हे लक्षात ठेवून. फ्लॅटमध्ये प्रश्न अवघड होतो. साडेचार इंची विटेची भिंत रायफलची गोळी अडवेलच असा भरवसा नाही, आणि प्लायवूडच्या पार्टिशनला तर रिव्हॉल्वरच्या गोळीच्याही लेखी किंमत नाही. फरशीवर रोखली तर खाली काँक्रीट आहे, गोळी उडेल आणि तुकडे पायात येतील. रिव्हॉल्वर-पिस्तुलासाठी साधा उपाय म्हणजे मोठी लोखंडी बादली कोरड्या बारीक वाळूने काठोकाठ भरून ठेवायची आणि उघडताना-भरताना नळी त्या वाळूकडे खाली ठेवायची. वाळू चाळलेली हवी, खडे नकोत.

दुनाली सगळ्यांत सरळ. वरची चावी अंगठ्याने उजवीकडे ढकलली की नळ्या खाली मोडतात आणि काडतुसं थोडी वर येतात किंवा बाहेर उडतात. दोन्ही काढायची, मग नळ्यांतून उजेड बघायचा. उजेड दिसला म्हणजे चेंबर रिकामं आहेच, शिवाय नळीत काही अडकलेलं नाही हेही कळतं. बऱ्याच दुनालींत बंदूक मोडली की सेफ्टी आपोआप लागते, त्यामुळे लोक निश्चिंत होतात. पण बहुतेक दुनालींची सेफ्टी फक्त चाप अडवते. आतला घोडा ताणलेलाच राहतो, आणि बंदूक आपटली तर झिजलेल्या खाचेतून तो सुटू शकतो. बाहेर घोडे असलेल्या जुन्या बंदुकांत आणखी एक खोड असते. त्यातल्या काहींचे घोडे खाली असताना थेट पिनेवर टेकून राहतात, पिन टोपीवर टेकते, आणि घोड्यावर नुसता धक्का बसला तरी काम होतं. भरलेली दुनाली घेऊन कुंपण ओलांडायचं नाही, जिना चढायचा नाही, जीपमध्ये बसायचं नाही. मोडून, काडतुसं खिशात टाकून, मग.

.३२ च्या आपल्याकडच्या रिव्हॉल्वरांत बरीच मधोमध मोडणारी आहेत. मागची कळ दाबून नळी खाली केली की चांदणीच्या आकाराची पट्टी सहाही काडतुसं एकदम वर उचलते. इथे मोजायचं: सहा. पाच आली तर सहावं कुठे आहे याचा शोध लागेपर्यंत बंद करायचं नाही. अर्धवट जोराने उघडलं तर एखाद्या काडतुसाची कड चांदणीखाली सटकते आणि ते चेंबरमध्येच राहतं. वापरलेल्या खोक्यांत एखादं जिवंत काडतूसही मिसळलेलं असतं, म्हणून प्रत्येकाची टोपी बघायची. खड्डा पडलेला म्हणजे घोडा आपटलेला आहे. पण आपटूनही न उडालेलं काडतूस असू शकतंच. पुढे गोळी बसलेली दिसली तर ते जिवंत, टोपीवर खड्डा असो वा नसो.

सर्वांत जास्त फसवतं ते पिस्तूल, आणि फसण्याची रीत इतकी ठरलेली आहे की ती नीट समजून घ्यावी. योग्य क्रम असा: आधी मॅगझिन बाहेर काढून बाजूला ठेवायचं, मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढायची, चेंबरमधलं काडतूस उडून बाहेर पडेल, स्लाइड मागे धरूनच चेंबरमध्ये बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. चूक होते ती क्रम उलटा झाल्यामुळे. माणूस आधी स्लाइड ओढतो, एक काडतूस टणकन बाहेर पडतं, त्याला वाटतं काम झालं. स्लाइड पुढे येताना मात्र मॅगझिनमधलं पुढचं काडतूस उचलून चेंबरमध्ये भरते. मग तो मॅगझिन काढतो. हातात काढलेलं मॅगझिन आहे, टेबलावर काढलेलं काडतूस आहे, डोळ्यांना सगळा पुरावा 'रिकामं' असाच सांगतोय, आणि चेंबर भरलेलं आहे. यानंतर तो खात्री म्हणून चाप ओढून बघतो. दुसरी चूक साधी आहे: मॅगझिन काढलं, स्लाइडला हातच लावला नाही. मॅगझिन नसताना उडू न देणारी कळ काही पिस्तुलांत असते, सगळ्यांत नसते, आणि असली तरी जुनी झाल्यावर तिची हमी कोण देणार?

.३१५ च्या रायफलमध्ये बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, उचलून पूर्ण मागे ओढायचा. चेंबरमधलं निघालं तरी बोल्ट पुढे नेला की खालच्या मॅगझिनमधलं पुढचं काडतूस वर चढतं. म्हणून मॅगझिन रिकामं होईपर्यंत बोल्ट मागेच. अंधारात असाल तर बोट घालून चेंबर चाचपा.

एवढं करून शस्त्र दुसऱ्याच्या हातात द्यायचं ते उघडंच: दुनाली मोडलेली, बोल्ट किंवा स्लाइड मागे. घेणाऱ्याने देणाऱ्यावर विश्वास न ठेवता पुन्हा बघायचं. यात कुणाचा अपमान नाही. तुमच्या डोळ्यांदेखत काकांनी तपासली असली तरी तुमच्या हातात आली की तुम्ही तपासायची, मग काका कितीही रागावोत.

बोट चापावर नको, याचं कारणही सांगायला हवं, कारण नुसत्या 'नको'ला कुणी जुमानत नाही. माणूस दचकला, घसरला किंवा दुसऱ्या हाताने काही घट्ट पकडलं, की दोन्ही हातांची बोटं एकदम आवळली जातात. हे ठरवून थांबवता येत नाही. घोडा आधीच मागे ओढलेल्या रिव्हॉल्वरचा चाप साधारण दीड-दोन किलोच्या ओढीने सुटतो. घोडा न ओढता थेट चाप ओढायचा तर पाच किलोच्या आसपास लागतात. दोन किलो म्हणजे पिशवीभर बटाटे. एवढा जोर पाच वर्षांच्या मुलाच्या दोन अंगठ्यांतही असतो.

म्हणून ठेवण्याची गोष्ट. गोदरेजच्या कपाटात साड्यांच्या मागे बंदूक ठेवणं म्हणजे ठेवणं नव्हे, लपवणं. आणि घरात लपवलेल्या वस्तू सगळ्यांत आधी मुलांना सापडतात. दिवाळीचे लाडू आठवा. शस्त्र एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ल्या वेगवेगळ्या, आणि शस्त्राची किल्ली लायसन्सधारकाच्या जवळ. दुनाली तीन तुकड्यांत सुटते: पुढचं लाकूड ओढून काढलं की नळ्या वेगळ्या होतात. नळ्या एकीकडे आणि दस्ता दुसरीकडे ठेवला तर चोराच्याही हाताला निम्मीच बंदूक लागते. रायफलचा बोल्ट वेगळा काढून ठेवावा. महिनाभर पुण्याला लेकीकडे जायचं असेल, तर शस्त्र जमा करून घेण्याची परवानगी असलेल्या दुकानात ते ठेवून पावती घेणं सगळ्यांत चांगलं. चोरीला गेलंच तर त्याच दिवशी ठाण्यात लेखी तक्रार, शस्त्राच्या नंबरासह, आणि लायसन्स देणाऱ्या कचेरीलाही प्रत. नंबर आठवत नाही म्हणणारे पुष्कळ भेटतात. लायसन्सच्या वहीतल्या त्या पानाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवायला अर्धा मिनिट लागतो.

"पण रात्री चोर आला तर कुलूप उघडेपर्यंत काय?" हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की अंकांवर किंवा बोटाच्या ठशावर उघडणारी छोटी तिजोरी काही सेकंदांत उघडते. उशीखाली भरलेलं रिव्हॉल्वर ठेवणाऱ्याच्या घरात चोर येण्याची शक्यता आणि नातू येण्याची शक्यता यांची तुलना ज्याने त्याने करावी.

पावसाळ्याबद्दल एक. ग्वाल्हेरचा उन्हाळा कोरडा ठणठणीत, त्यामुळे माणूस गाफील राहतो आणि जुलैत गंज चढतो. चामड्याच्या किंवा कापडाच्या म्यानात बंदूक कायम ठेवू नये. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार लोखंडाला लागतात. तेल बंदुकीचंच लावावं, तेही फडक्याने पुसट. मोहरीचं किंवा खोबरेल तेल काही महिन्यांत चिकट होऊन आतल्या स्प्रिंगांना धरून बसतं. तेल जास्त झालं तर ते खाली ओघळून दस्त्याचं लाकूड मऊ करतं, आणि चेंबरमधून काडतुसाच्या टोपीत शिरलं तर काडतूस मरतं. साफ करताना गज शक्यतो चेंबरच्या बाजूने घालावा, म्हणजे तोंडाची कड झिजत नाही. टोपीतल्या मसाल्यात आणि गोळीत शिसं असतं, म्हणून नंतर हात साबणाने धुवावेत आणि साफसफाई जेवणाच्या टेबलावर करू नये. काडतुसं तर साफसफाईच्या खोलीतच नकोत.

पूजेचं हळदकुंकू बाहेरच्या लाकडावर बोटभर लावलं तर बिघडत नाही. नळीच्या तोंडाशी, चापाजवळ, चेंबरमध्ये नको, आणि ओलं गंध तर लोखंडाला नकोच. त्याच संध्याकाळी पुसून तेलाचा हात फिरवायचा. पाटावर बंदूक मोडलेली ठेवली तरी देवीला चालतं. काडतुसांची पूजा करायची असेल तर वेगळ्या खोलीतल्या वेगळ्या पाटावर करावी.

काडतुसांकडे वळू. लायसन्सवर दोन आकडे असतात, एका वेळी किती ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची. दोन्ही पाळावे लागतात. त्याहून महत्त्वाचं, कुठलं काडतूस कुठल्या नळीत. ज्या घरात १२ आणि २० बोअर अशा दोन बंदुका आहेत तिथे हे विशेष. २० चं काडतूस १२ च्या चेंबरमधून सरळ आत घसरतं आणि नळीच्या सुरुवातीला अडकून बसतं. बाहेरून चेंबर रिकामं दिसतं. माणूस वर १२ चं भरतो, उडवतो, आणि नळी डाव्या हाताच्या जागेलाच फुटते. याच कारणाने २० बोअरची काडतुसं बहुधा पिवळ्या रंगाची बनवतात. रंगावर अवलंबून न राहता बूड वाचा. तिथे बोअर लिहिलेलं असतं, आणि केएफ अशी अक्षरं असली तर काडतूस खडकीच्या कारखान्यातलं. इंग्रजांनी खडकीला किर्की केलं त्याची ती आठवण.

लांबीचा घोळ याहून छुपा आहे. जुन्या विलायती दुनालींचं चेंबर ६५ मिलिमीटरचं असतं. ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात आरामात बसतं, कारण ही लांबी उडाल्यानंतर उघडलेल्या खोक्याची असते आणि भरलेलं काडतूस तोंड दुमडल्यामुळे आखूड दिसतं. उडताना ते दुमडलेलं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं, वाट चोंदते आणि दाब वाढतो. पणजोबांच्या बंदुकीच्या नळीवर लाटांसारखी नक्षी असेल तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली दमास्कस नळी आहे. काळ्या दारूच्या काळातली ही चीज. तिच्यात आजचं काडतूस घालू नये. ती भिंतीवर सुंदर दिसते.

चाप ओढला आणि काहीच झालं नाही, तर नळी तशीच सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबा. कधी कधी ठिणगी रेंगाळते आणि काडतूस उशिरा उडतं. ताबडतोब उघडलं तर ते तोंडासमोर उडेल. उडालं पण आवाज फुसका आला, धक्का जाणवला नाही, तर दुसरा बार मुळीच टाकू नका. गोळी नळीत अडकली असण्याची शक्यता आहे. उघडा, रिकामी करा, नळीतून उजेड बघा. नळी अडकायला गोळीच लागते असं नाही. बरेच दिवस उभी ठेवलेली बंदूक असेल तर कुंभारीण माशीने तोंडात मातीचं घर केलेलं निघतं, किंवा मागच्या वेळी साफ करताना चिंधी आत राहिलेली असते. एवढ्याशा अडथळ्याने नळी फुगते किंवा फाटते.

आणि मग लग्नसराई. लग्नात आनंदाने हवेत गोळ्या उडवण्याला ग्वाल्हेर-चंबळ भागात 'हर्ष फायरिंग' म्हणतात, आणि मराठी घरांनी हा शब्द हिंदीतून घेताना सवयही थोडी घेतली आहे. आकाशात मारली, कुणाला लागणार, हा युक्तिवाद तपासून बघू. गोळी अगदी सरळ वर गेली तर हवेच्या विरोधाने तिचा वेग मरतो आणि ती खाली येते तेव्हा रायफलच्या गोळीचा वेग सेकंदाला नव्वद मीटरच्या आसपास उरतो. माणसाची कातडी फोडायला सेकंदाला पन्नास-साठ मीटर पुरतात. म्हणजे 'सरळ वर' मारलेलीही डोक्यात शिरू शकते. पण वरातीत सरळ वर कोण मारतो? हात तिरका असतो, आणि तिरकी गेलेली गोळी स्वतःभोवती फिरत, टोक पुढे ठेवून, बराच वेग राखून उतरते. .२२ ची इवलीशी गोळी दीड किलोमीटर जाते. .३१५ ची अडीच-तीन किलोमीटर. लष्करातल्या महाराज बाड्याच्या चौकात उभं राहून तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा, जुना लष्कर त्यात येतो. छऱ्यांचा सावधगिरीचा हिशेब असा: छऱ्याचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि शंभराने गुणा, तितके मीटर धोक्याचे. अडीच मिलिमीटरच्या छऱ्याला अडीचशे मीटर, मोठ्या आठ मिलिमीटरच्या छऱ्याला आठशे.

तरीही मांडवातले अनेक बळी वरून पडलेल्या गोळीचे नसतात. ते समोरच्या गोळीचे असतात, आणि त्याची यंत्रणा ठरलेली आहे. एका हाताने दुनाली वर धरलेली, दुसऱ्या हातात मोबाइल किंवा कुणाचा तरी खांदा. पहिला बार उडतो, धक्क्याने मनगट वळतं, तीन किलोची बंदूक खाली येताना बोट चापावरच आवळलेलं असतं, आणि दुसरी नळी छातीच्या उंचीवर उडते. किंवा पिस्तूल अडकतं. चाप ओढूनही उडत नाही म्हणून उडवणारा ते खाली आणून, वळवून, 'काय झालं' म्हणून बघतो. त्या क्षणी नळी वऱ्हाडाकडे आहे, बोट चापावर आहे, सेफ्टी काढलेली आहे. मागून बँडवाल्याचा धक्का लागला की पुरे. यात दारूचा उल्लेख अजून आलेलाही नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने याला कायद्यात नाव दिलं. आनंदाच्या भरात किंवा निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला तर कलम २५(९) खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. यासाठी कुणाला लागलंच पाहिजे असं नाही. लागलं तर पुढची कलमं वेगळी. लायसन्स जातं ते निराळंच. सार्वजनिक जागी शस्त्र उघडं मिरवणं हेसुद्धा नियमांत बसत नाही. छोटं शस्त्र म्यानात, लांब शस्त्र पिशवीत. दसऱ्याला मांढरेच्या मातेच्या देवळाजवळ शमीपूजनाला गर्दी होते, तिथे सोन्याची पानं लुटावीत. बंदुकीची सलामी घरच्या गच्चीवरूनही नको, कारण गच्चीवरून सुटलेली गोळी गच्चीवर परत येत नाही.

यजमानांना एक व्यावहारिक सूचना: निमंत्रण पत्रिकेत ओळ छापून काही होत नाही. मांडवाच्या दाराशी घरातला एक वजनदार मामा उभा करावा, आणि शस्त्र आणलेल्या पाहुण्याला ते परत घरी ठेवून यायला सांगायचं. "गाडीत ठेवा" म्हणू नये, गाडी फोडून शस्त्र गेलं तर त्रास दोघांनाही.

निवडणूक आली की शस्त्रं जमा करण्याचे आदेश निघतात. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे कुणाचं शस्त्र जमा करायचं हे छाननी समितीने ठरवायचं असतं. बँकेचे पहारेकरी, खेळाडू असे अपवाद मागता येतात. आदेश तुम्हाला लागू झाला तर वाद न घालता मुदतीत जमा करा, पण रिकामं करून, तेल लावून, आणि पावतीवर नंबर, बोअर, काडतुसांची संख्या, दस्त्यावरचे ओरखडे सगळं लिहून घ्या. परत घेताना ठाण्याच्या दारातच, पण नळी सुरक्षित दिशेला ठेवून, उघडून बघा. इतक्या शस्त्रांच्या ढिगात तुमची दुनाली दुसऱ्याच्या कव्हरात असणं अशक्य नाही.

विकायची किंवा कुणाच्या नावावर करायची असेल तर आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवावं लागतं, आणि त्यानंतर निदान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. घेणाऱ्याकडे त्या बोअरचं चालू लायसन्स हवं. वारसाकडे देण्याची सोय मालक हयात असतानाही आहे: त्याची सत्तरी झाली असेल किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असेल, तर यातलं जे आधी होईल तेव्हा. ही सोय फार थोडे वापरतात. परिणामी आजोबा जातात आणि बंदूक कपाटातच राहते, तेराव्यापर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही, मग वर्षश्राद्ध होतं. लायसन्स आजोबांबरोबर गेलेलं असतं. त्या दिवसापासून ज्याच्या ताब्यात ती बंदूक आहे त्याने विनाकारण उशीर न करता ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. आधी जमा, मग वारसाचा अर्ज, हा क्रम. सुतकात घराबाहेर जायचं नाही असं वाटलं तर शेजाऱ्याच्या हाती बंदूक पाठवू नये, शेजाऱ्याकडेही लायसन्स नाही. ठाण्याला फोन करून कळवावं आणि ते सांगतील तसं करावं.

उरल्या भिंतीवरच्या. वापरात नसलेल्या जुन्या पद्धतीच्या, नुसतं पुरातन मोल असलेल्या आणि दुरुस्त करूनही उडवता येणार नाहीत अशा हत्यारांना कायद्यातून सूट आहे. ती खरोखर त्या वर्गात बसतात का हे मात्र आपण ठरवायचं नाही, लायसन्स शाखेकडून लेखी घ्यायचं. आणि वातीने पेटणारी तोडेदार असो की तोंडातून भरायची टोपीची भरमार, शंभर वर्षं खुंटीला आहे म्हणून ती रिकामी आहे असं धरू नका. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ती काळी दारू कोरडी राहिली तर म्हातारी होत नाही, आणि ओली झालेली पुन्हा वाळली की पुन्हा जागी होऊ शकते. पूर्वी दारात भरून ठेवण्याची चाल होती, आणि तशी भरलेली बंदूक आत बार ठेवूनच वारसांकडे आलेली असू शकते.

ती तपासायला उडवावं लागत नाही. बंदूक बाहेर मोकळ्यावर नेऊन आडवी ठेवा, तोंडासमोर कुणी नको, तुमचा हातही नको. बाजूला उभं राहून लाकडी काठी हळू आत सरकवा, ठोकायची नाही. ती थांबली की नळीच्या तोंडाशी काठीवर पेन्सिलची खूण करा. काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावा, खूण तोंडाशी जुळवून. काठीचं आतलं टोक मागच्या कानापर्यंत, म्हणजे ठिणगी आत जायच्या भोकापर्यंत, पोचलं तर नळी रिकामी. दोन-चार बोटं अलीकडे थांबलं तर आत दारू, चिंध्या आणि शिसं बसलेलं असू शकतं. पाणी ओतू नका, ऊन दाखवू नका, सळईने टोकरू नका. तोंड मोकळ्या जागेकडे ठेवून खोली बंद करा आणि ठाण्याला कळवा, किंवा त्यांच्यामार्फत परवानाधारक बंदूक कारागिराला बोलवा. तो मागचा स्क्रू खोलून आतलं सगळं काढेल. माळ काढली असेल तर तीही परत घालायची घाई नको.